बाहेरून लखलखीत गाडी, आतून गंज: कुठे बघायचं, आधीच काय करायचं?

निळी_हॅचबॅक

गाडी सात वर्षांची आहे. दर आठवड्याला धुणं, वर्षातून दोनदा वॅक्स, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. रंगावर ओरखडाही नाही. तरी मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर, कडेपासून बोटभर वर, टाचणीच्या डोक्याएवढे दोन फोड आलेत. नखाने दाबले की मऊ लागतात. हा गंज आतून येतोय का? आणखी कुठे शोधू? कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांच्या आत फवारायचं गंजरोधक मेण) घरी मारता येतं का, आणि किती लागेल? गाडीच्या पोटाला काळं जाड अंडरकोटिंग मारून घ्या असा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकावा का?

पत्रा_आणि_प्रायमर

वरून दगड लागून आलेल्या गंजात रंग तुटलेला दिसतो, मधोमध तांबूस ठिपका असतो. रंग अखंड राहून फोड आला की गंज बहुतेक मागून येतो. कमानीपाशी आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे एकावर एक दुमडून जोडलेले असतात. त्या दुमडीत पाणी केशाकर्षणाने शिरतं आणि हवा पोचत नसल्याने सुकत नाही. जिथे ऑक्सिजन कमी, तिथलाच पत्रा झिजतो. म्हणून जोड बाहेरून धड दिसत असला तरी आत खोलवर सडत जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दुमड फाकते आणि पाण्याला आणखी वाट मिळते.

कारखान्यात पत्र्यावर जस्ताचा थर साधारण ७ ते १० मायक्रॉनचा असतो, त्यावर वीजप्रवाह सोडलेल्या टाकीत बुडवून चढवलेला प्रायमर सुमारे २० मायक्रॉनचा. बाहेरून त्यावर रंग आणि लॅकर चढतं. पोकळ भागांच्या आत मात्र बहुतेक ठिकाणी एवढंच संरक्षण असतं, आणि कापलेल्या कडांवर तेही पातळ. तुमचं वॅक्स-पॉलिश या भागांना शिवतही नाही. सिरॅमिक कोटिंगचंही तेच.

शोधताना हा क्रम ठेवा: मागच्या कमानीची दुमड, दाराखालच्या पोकळ सिल, दारांचा आणि डिकीच्या झाकणाचा तळ, स्टेपनीचा खड्डा, पुढच्या मडगार्डचा मागचा कोपरा, जॅक लावायच्या जागा. कमानीच्या आतल्या प्लास्टिक आवरणाच्या, म्हणजे लायनरच्या, क्लिपा काढून मागे हात घाला, तिथे चिखलाचा गोळा सापडला तर नवल नाही. सिलमध्ये बघायला रबरी बूच काढून ५.५ मिलिमीटरचा कॅमेरा पुरतो. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने सिलच्या तळाला ठोकत जा. टणक आवाज येता येता एके ठिकाणी बद्द झाला, की तिथे थांबून नीट बघा.

कोरडी_सिल

पत्र्याआधी पाण्याची वाट बघायला हवी. निचरा तुंबलेला असताना कितीही वॅक्स मारलं तरी फळ मिळत नाही.

दाराच्या काचेवरून उतरलेलं पाणी आत जाणारच, त्यासाठीच दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. ती प्लास्टिकच्या झिप-टायने मोकळी करा. तार वापरू नका, तिने प्रायमर खरवडला जातो. मग काचेच्या बाहेरच्या रबरावर सावकाश एक लिटर पाणी ओता. ते मिनिटभरात तळातून गळायला हवं. वायपरखालच्या खोबणीत पानं कुजतात, ती वर्षातून दोनदा हाताने काढा. सनरूफ असेल तर प्रत्येक कोपऱ्यात १०० मिलिलिटर पाणी ओतून ते गाडीखाली बाहेर येतंय का ते बघा. त्या नळीत जोराची हवा मारू नका: आतला सांधा निसटला तर पाणी थेट खांबात आणि तिथून सिलमध्ये उतरतं.

सगळ्यात जास्त निसटणारी जागा म्हणजे गालिच्याखालचा फोम. एसीची निचरा-नळी तुंबली की पाणी पुढच्या प्रवाशाच्या पायांशी उतरतं. गालिचा वरून कोरडा लागतो आणि खालचा दोन-तीन सेंटिमीटर फोम महिनोन्‌महिने ओला राहतो. बोटांनी दाबून बघू नका, कडेची पट्टी काढून फोमखाली कागदी रुमाल सरकवा.

मिठाबद्दलही एक. समुद्राकाठची हवा असो की बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच ओलं होतं. अशाच मिठात सापडणाऱ्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्केही पुरतात. म्हणजे गाडी पावसात नेली नाही तरी पत्रा ओलाच. अशी मिठाळ गाडी उबदार बंद गॅरेजमध्ये ठेवली तर थंड उघड्या जागेपेक्षा लवकर गंजते. आधी खालून भरपूर साधं पाणी सोडा, मगच आत लावा. प्रेशर वॉशर जोडांवर जवळून मारू नका, तो पाणी आत ढकलतो.

निळी_हॅचबॅक

लायनर काढला. डाव्या कमानीतून दोन मुठी चिखल निघाला, पुढच्या डाव्या बाजूचा फोमही ओला आहे. आता आधी आतून वॅक्स मारून गंज थोपवू का, आणि फोड नंतर सावकाश दुरुस्त करू?

पत्रा_आणि_प्रायमर

नको, आधी दुरुस्ती. वॅक्स मारलेल्या पोकळीवर वेल्डिंग केलं तर आत आग लागते. वॅक्सचा अंश पत्र्यावर राहिला तर नवा रंगही खड्डे-खड्डे होऊन फाटतो.

फोडाभोवती तीन सेंटिमीटरपर्यंत रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवा. चकचकीत पत्रा लागला आणि फक्त वरवरचे काळे ठिपके राहिले तर फॉस्फोरिक आम्लाचा कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाचं स्थिर थरात रूपांतर करणारं द्रावण) लावा, त्याच्या डब्यावर लिहिलंय तसा धुवा, पूर्ण वाळवा, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पुट्टी लागलीच तर ती इपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर कधीच नाही: पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते आणि फोड पुन्हा वर येतो. अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर आरपार गेला तर कापून नवा पत्रा वेल्ड करणं हाच उपाय. फायबर लावून झाकलं तर गंज आत चालूच राहतो. वेल्डच्या उष्णतेने आतला प्रायमर जळतो, म्हणून रंग पक्का झाल्यावर त्या जागी आतून वॅक्स दुप्पट काळजीने मारा.

कन्व्हर्टर सिलच्या आत ओतू नका. तिथून तो धुता येत नाही आणि उरलेलं आम्ल पत्रा खातं.

वॅक्स_वांड

घरी जमतं, खर्ची पडतो तो वेळ. तुमच्या आकाराच्या गाडीला ५०० मिलिलिटरचे पाच डबे धरा: चार दारांना मिळून एक-सव्वा, दोन्ही सिलना दीड, मागच्या कमानींना एक, बाकी डिकीचं झाकण, बॉनेटच्या दुमडी आणि खालच्या पोकळ पट्ट्यांना. सोबत चहूबाजूंना फवारणाऱ्या तोंडाची किमान ६० सेंटिमीटरची लवचिक नळी हवी.

आधी सगळे बूच काढून गाडी दोन दिवस वाळवा, पंखा लावला तर उत्तम. ओल्या पोकळीत मारलेलं वॅक्स पाण्यावर बसतं आणि पाणी खालीच कोंडतं. तापमान २० अंशांच्या आसपास हवं. डबा कोमट पाण्यात ठेवा, ५० अंशांपुढे नाही. नळीवर टोकापासून १० सेंटिमीटर सोडून रंगीत टेप लावा, म्हणजे तोंड कधी बाहेर पडेल ते कळतं. नळी शेवटपर्यंत सारा आणि फवारत सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या वेगाने मागे ओढा. तळाच्या जोडातून वॅक्स पाझरलं, की आत पोचलं. काही सिलमध्ये आवाज रोखायला फोमचा ठोकळा असतो, नळी तिथे अडते. तेव्हा दोन्ही बाजूंनी वेगवेगळं मारा. झालं की भोकं परत झिप-टायने मोकळी करा, नाहीतर निचरा तुम्हीच बंद कराल. हे हमखास राहून जातं.

दारात मारताना काच पूर्ण वर ठेवा. मधल्या खांबात सीटबेल्टची गुंडाळी असते आणि छताच्या कडेला एअरबॅग, तिकडे नळी नेऊ नका. ब्रेक आणि सायलेन्सर झाका.

खालून_बघणारा

काळं जाड अंडरकोटिंग सात वर्षांच्या गाडीला नको. ते कडक होतं, दगडाने चिरतं, चिरेतून पाणी आत जातं आणि वरून सगळं धडधाकट दिसत राहतं. त्यापेक्षा मऊ राहणारं मेणाचं किंवा लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थाचं) आवरण घ्या. लॅनोलिन चिरत नाही, पण चाकांच्या माऱ्याने धुऊन निघतं, म्हणून दर वर्षी पुन्हा हात द्यावा लागतो. त्यामुळे कमानीत मेणच बरं असं माझं मत. खनिज तेल मात्र सस्पेन्शनच्या रबरी बुशांना (सांध्यांतल्या रबरी गाद्यांना) लागू देऊ नका, ती फुगून मऊ पडतात.

जॅक लावताना सिलखालच्या उभ्या पट्टीवर खाच असलेला रबरी ठोकळा ठेवा. ती पट्टी चेपली की रंग तडकतो आणि गंज थेट जोडात शिरतो. मडफ्लॅपसाठी कमानीच्या कडेला आधीच स्क्रू मारलेत का, तेही पाहा. डाव्या कमानीत स्क्रू दिसला तर तो काढून भोकाची कड घासा, प्रायमर लावा आणि प्लास्टिकची क्लिप बसवा. फोड त्याच्याच आसपास असतील तर सुरुवात तिथूनच झाली असण्याची शक्यता मोठी आहे.