ग्राफीनच्या डेटात एकच रेघ दिसतेय, सॅम्पल खराब आहे का?

बारावी_गल्ली: नमस्कार मंडळी. एमएस्सी भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष, मुक्काम राजारामपुरी. सरांनी प्रोजेक्टला सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या ग्राफीनचा (कार्बनचा एक अणू जाडीचा थर) आर्पेस डेटा दिलाय, म्हणजे प्रकाश टाकून बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि कोन मोजलेला. बाहेरच्या लॅबमधला, हेलियम दिव्यावर घेतलेला, २१.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. इलेक्ट्रॉनच्या संवेगाच्या नकाशात गॅमा (मधला बिंदू) ते के (कोपरा) या दिशेनं कट काढला. पुस्तकात के बिंदूपाशी दोन बँड (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या रेघा) छेदून फुली होते, मला एकच तिरकी रेघ दिसते. खालून निघते, फर्मी पातळीला (इलेक्ट्रॉन भरलेले असतात तिथवरची वरची हद्द) जाऊन थांबते. फुलीची दुसरी काडी गायब. त्यात हे सगळं सॅम्पलच्या लंबापासून ५४ अंशांवर, इतकं लांब! सर म्हणाले, सॅम्पल खराब असेल, दुसरा विषय बघ. फेब्रुवारीत कुठला विषय बघू? दोन रात्री नुसते रंग बदलत बसलोय. रूम पार्टनर म्हणतो, विषयावरच फुली मार.

उद्यमनगरकर: भावा, ग्राफीनमधलं मला ओ का ठो कळत नाही, माझं मशीन शॉप आहे. पण आमच्याकडं जॉब ड्रॉइंगशी जुळला नाही तर लगेच भंगारात टाकत नाहीत. सेक्शन कुठनं घेतलाय ते आधी बघतात.

इंदूर_रिटर्न: वरच्या दादांचं ऐका. मी पीएचडीला इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर हेच करायचो.

आधी कोन. वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ४.३ धरा, २१.२ मधून ते गेलं की इलेक्ट्रॉनकडे १६.९ उरतात. त्याचं वर्गमूळ गुणिले ०.५१२ गुणिले साइन थीटा म्हणजे संवेग. के बिंदू गॅमापासून १.७० प्रति अँगस्ट्रॉम. थीटा ५४ च येतो. म्हणजे तुम्ही बरोबर जागी आहात.

आता काडी. ग्राफीनच्या एकक पेशीत कार्बनचे दोन अणू, ए आणि बी. दोघांवरून सुटलेल्या इलेक्ट्रॉन-लाटा के च्या एका बाजूला एकमेकींना जोर देतात, दुसऱ्या बाजूला एकमेकींना मारतात. रंकाळ्यात दोन दगड टाकायचं उदाहरण देणार होतो, पण तुम्ही एमएस्सीला आहात. बँड तिथं आहेच, फक्त त्यातला इलेक्ट्रॉन डिटेक्टरपर्यंत येत नाही. याला डार्क कॉरिडॉर म्हणतात. छेदबिंदूच्या खाली के च्या पलीकडची बाजू काळी, वर गेलं की अलीकडची. म्हणून तुमची रेघ मधूनच सरळ पार होते. सिलिकॉन कार्बाइड ग्राफीनला इलेक्ट्रॉन देतं, त्यामुळं छेदबिंदू फर्मीच्या खाली, सुमारे ०.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट अंतरावर सापडेल. सापडला तर सॅम्पल ठणठणीत.

गॅमा-के ला काटकोनात, के मधूनच कट काढा. पूर्ण मॅप आहे का?

बारावी_गल्ली: नाद खुळा! मॅप होता. फाइलचं नाव 'टेस्ट३', म्हणून उघडलीच नव्हती. काटकोनात कापला आणि फुली आली, दोन्ही काड्या सारख्या. एकाच ऊर्जेचा काप घेतला की गोल न दिसता चंद्रकोर दिसते, आणि छेदबिंदू ओलांडला की कोर तोंड फिरवते! हे बघत तासभर नुसता स्लायडर वरखाली केला. छेदबिंदू ०.४ खालीच. फर्मीवर काडी के पासून ०.०६ प्रति अँगस्ट्रॉम लांब. वर्ग करून पायनं भागलं, दर चौरस सेंटिमीटरला १० चा १३ वा घात इतके इलेक्ट्रॉन. उद्या सरांना दाखवतो.

उद्यमनगरकर: म्हंजे सेक्शनच की. मी काय म्हणत होतो?