‘एक्स्ट्रॉऑर्डिनरी मीन्स’साठी मराठी शब्द?

शब्दवेडी:
मरणासन्न रुग्णांबद्दलच्या कॅथलिक शिकवणुकीवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. त्यात ‘ऑर्डिनरी’ आणि ‘एक्स्ट्रॉऑर्डिनरी मीन्स’ ही जोडी सारखी येते. पहिले उपचार घेणं कर्तव्य, दुसरे नाकारले तर पाप नाही. ‘साधारण’ आणि ‘असाधारण उपचार’ लिहिलं, तर वाचक पहिलं म्हणजे सलाईन आणि दुसरं म्हणजे व्हेंटिलेटर असं धरून चालतो. काय लिहावं?

टाकबोरू:
यंत्र किती महाग किंवा नवं, यावर हे ठरत नाही. या रुग्णाला त्यातून आशा किती आणि जाच किती, यावर ठरतं. न्यूमोनिया झालेला धडधाकट माणूस चार-पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहून बरा होणार असेल, तर तो उपचार ‘ऑर्डिनरी’. कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांत त्याच न्यूमोनियासाठी शिरेतून दिलेलं साधं अँटिबायोटिकही ‘एक्स्ट्रॉऑर्डिनरी’ ठरू शकतं. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या ईश्वरविज्ञांनी हा विचार घडवला तेव्हा भूल नव्हती. पाय कापून घेण्याच्या यातना माणसाला सोसवणाऱ्या नव्हत्या, म्हणून ते बंधनकारक नव्हतं. १८४६ मध्ये ईथरची भूल आली आणि हळूहळू तीच शस्त्रक्रिया ‘ऑर्डिनरी’कडे सरकली. त्यांच्यापैकी फ्रान्सिस्को दे व्हितोरियाच्या मते तर वैद्याने सांगितलं तरी कोंबडीसारखं महागडं अन्न खाऊन आयुष्य लांबवण्याचं बंधन नाही. म्हणून मी ‘डोईजड उपचार’ लिहीन.

शुद्धमती:
डोईजड माणसं होतात. शिवाय त्यात नुसता भार आला, आशेचं काय? व्हॅटिकनच्या १९८० च्या घोषणापत्रानेच जुनी जोडी संदिग्ध वाटू लागल्याची दखल घेऊन ‘प्रपोर्शनेट’, म्हणजे आशेच्या मानाने जाच बेताचा, हा पर्याय नोंदवला आहे. ‘प्रमाणशीर’ आणि ‘अप्रमाणशीर’ घ्या.

टाकबोरू:
प्रमाणशीर बांधा असतो, मूर्ती असते. ‘कर्ज डोईजड झालं’ हे सगळे म्हणतात. अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या मुलाला ‘अप्रमाणशीर उपचार’ सांगून बघा, काही कळायचं नाही.

शुद्धमती:
त्याला समजावून सांगणं वेगळं आणि परिभाषा वेगळी. सैल शब्दांमुळेच कोशांत ‘निष्क्रिय दयामरण’, म्हणजे उपचार थांबवून मरू देणं, हा शब्द घुसला. निष्फळ व्हेंटिलेटर काढणं म्हणजे दयामरण नव्हे, हे पोपच्या १९९५ च्या परिपत्रात स्पष्ट आहे. तिथे मृत्यू घडवण्याचा हेतू नसतो, तो अटळ असल्याचा स्वीकार असतो.

ओवी:
विशेषणावर भांडताय, पण खरी अडचण ‘उपचार’ या शब्दाची आहे. मूळ शब्द ‘मीन्स’, म्हणजे साधनं. नळीने दिलेलं अन्नपाणी त्यात येतं आणि ते उपचार आहे का, हाच तर वाद आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ मध्ये ते वैद्यकीय कृत्य नव्हे, जीव टिकवण्याचं नैसर्गिक साधन आहे, म्हणून तत्त्वतः कर्तव्य, असं सांगितलं. अनेक प्रॉटेस्टंट नीतिज्ञ त्याला उपचारच मानतात आणि नाकारण्याची मुभा देतात. मराठीत यासाठी ‘शुश्रूषा’ हा शब्द तयार आहे. तो ‘श्रु’ धातूपासून आला, मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा.

टाकबोरू:
व्युत्पत्ती छान, पण पोटाला छेद देऊन बसवलेली नळी शुश्रूषा कशी? ती बसवायला शस्त्रक्रिया लागते, जागा चिघळते, अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. अखेरच्या टप्प्यात शरीर पाणी वापरू शकत नाही. मग सलाईनने अंगावर सूज येते, छातीत घरघर वाढते.

ओवी:
तो अपवाद शिकवणुकीत आहे. शरीर अन्नपाणी पचवू शकत नसेल, तर कर्तव्य उरत नाही. पण वर्षानुवर्षं बेशुद्ध असलेला रुग्ण ते पचवतो, त्याचं काय?

टाकबोरू:
मग नळी बसवणं उपचार आणि तिच्यातून भरवणं शुश्रूषा, अशी फोड करा.

शुद्धमती:
ही फोड मूळ लेखात आहे का? नसेल तर भाषांतरात तुमचं मत शिरलं.

शब्दवेडी:
नाही. मूळ लेखात दोन्हींना ‘मीन्स’च म्हटलंय.

ओवी:
मग ‘साधनं’च लिहा, ‘उपचार’ सगळीकडून काढा.

टाकबोरू:
‘डोईजड साधनं’? हे तर वाचवतच नाही.