मदत हवी आहे : जुन्या लाकडी माडीवर सागाच्या पट्ट्या, मध्ये काय घालावं?

नमस्कार मंडळी,

बडोद्याला दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. माडीची जमीन लाकडी, तुळयांवर फळ्या. फळ्या आकसून इतक्या फटी पडल्यात की रात्री वरचा दिवा मालवला की खालच्या खोलीतला उजेड रेघारेघांनी दिसतो. वर केर काढला की खाली आजीच्या पलंगावर धूळ झरते. आजी नव्वदीची, झोप सावध. वर कुणी पाणी प्यायला उठलं तरी तिला जाग येते.

म्हणून फळ्या तशाच ठेवून वर सागाची नवी जमीन करतोय. मागची पडवी उतरवली तिच्या तुळया लातीत (लाकडाच्या वखारीत) चिरून आणल्या. पट्ट्या ४ इंच रुंद, पाऊण इंच जाड, टंग-ग्रूव्ह केलेल्या (एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते अशा), खिळ्यांनी ठोकायच्या. अडलंय ते मधल्या थरावर.

दुकानदार २ मिमी फोमचा रोल गळ्यात मारतोय. लॅमिनेटखाली तो चालतो, कारण ती जमीन ठोकलेली नसते, नुसती पसरलेली असते. ठोकलेल्या पट्टीखाली फोम दबणार, प्रत्येक पावलाला पट्टी खालीवर होणार, खिळे सैल पडून करकर सुरू. त्यामुळे फोम मी बाद केलाय.

प्लॅस्टिकही नको वाटतं. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आलं तेव्हा खालची खोली गुडघाभर बुडाली होती. त्या भिंती अजून पावसाळ्यात ओल धरतात. खालून वर येणारा दमटपणा प्लॅस्टिकखाली कोंडला तर जुन्या फळ्या कुजतील. मला टारफेल्ट, म्हणजे डांबरात भिजवलेला जाड कागदासारखा थर, बरा वाटतो. पातळ असतो, दबत नाही, फटी झाकतो, दमटपणा हळू करतो पण पुरता अडवत नाही. फक्त इथल्या मे महिन्यात वरची खोली भट्टीसारखी तापते. तेव्हा त्याला डांबराचा वास येतो का? खाली आजी झोपते, म्हणून विचारतेय. वास येत असेल तर जाड खाकी क्राफ्ट पेपरवर भागेल का?

दुसरं, आवाज. टारफेल्टने पावलांचा आवाज फारसा कमी होणार नाही हे मला माहीत आहे. फळ्यांवर आधी १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय स्क्रूने आवळून घेतला तर जमीन सपाट आणि घट्ट होईल. पण प्लाय आणि पट्टी मिळून ३१ मिमी होतात आणि आमचा उंबरठा ४० मिमीच उंच आहे. त्यात ३ मिमी कॉर्क (बुचाचा पत्रा) बसतो, पण ठोकलेल्या पट्टीखाली कॉर्क कुणी घातलाय का? कॉर्कही फोमसारखाच दबतो का? खालून छत करून तुळयांमध्ये रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरा असंही एकाने सुचवलं, पण त्या तुळया आजोबांनी हौसेने तेलपाणी करून जपल्यात, त्या झाकायला जीव होत नाही.

मैत्रिणीकडून ओलावा मोजायचं मीटर आणलं. फळ्या १४ टक्के, पट्ट्या ९. रुंद पट्ट्यांना फरक २ टक्क्यांच्या आत हवा, म्हणून पट्ट्या त्याच खोलीत काड्या घालून रचून ठेवल्यात. काम दिवाळीनंतरच. भिंतीकडेने पाऊण इंच जागा सोडणार आहे, पट्ट्या तुळयांना आडव्या.

सुतारकाका म्हणतात, मध्ये काही घालू नका, आमच्या वडिलांनी कधी घातलं नाही. त्यांचा हात फार चांगला आहे, त्यांना दुखवायचं नाहीये. शनिवारी ते माप घ्यायला येतील. त्याआधी ज्यांनी जुन्या माडीवर असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा, विशेषतः टारफेल्टचा वास आणि कॉर्क या दोन गोष्टींबद्दल.