दारू सोडून १९ दिवस झाले, संध्याकाळ कशी काढू?

सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. सातला शटर पडलं की पाय आपोआप जुन्या गल्लीकडे वळतात. काल तिथून परत फिरलो. आई काही विचारत नाही, नुसती दारात उभी असते.

— दादा, सातची वेळ रिकामी ठेवू नका. मी आयर्विन पुलावरून सांगलीवाडीपर्यंत चालायचो, आल्याबरोबर जेवायचो. उपाशीपोटी तलफ जास्त येते.

— एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जा. फी नसते, आडनाव विचारत नाहीत. हात थरथरत असतील तर डॉक्टरांना दाखवाच. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मोफत आहे.

— पगार आईच्या हातात द्या. मी बायकोकडे दिला होता, वर्षभर.

— आज पुलावर जाऊन आलो. आईनं गरम भाकरी वाढली.