असिसीच्या पुढे स्पेल्लो आहे
इटलीत असिसीची बासिलिका (संत फ्रान्सिसचं मोठं चर्च) पाहिली की त्या उंब्रिया प्रांतातली बाकीची चर्चेस सोडली तरी चालतात, असं एक मत ऐकलं; मला ते अजिबात पटलं नाही. तिथून दहा-बारा किलोमीटरवर स्पेल्लो हे गाव आहे. मे-जूनमध्ये कॉर्पस ख्रिस्ती या कॅथलिक सणाच्या रविवारच्या आदल्या रात्री अख्खं गाव गल्लीबोळांत गुडघे टेकून पाकळ्यांचे गालिचे घालतं. कृत्रिम रंग चालत नाहीत. आम्ही पहाटे पाहिलं तेव्हा एक आजी गालिच्यातल्या येशूच्या डोळ्यात चिमटीने वाळक्या पाकळ्यांचा चुरा भरत होत्या, हिरव्या रंगासाठी रानबडीशेपेची पानं, सगळ्या गल्लीला त्याचाच वास. सकाळी सणाची मिरवणूक त्यावरूनच चालत जाते. रात्रभराचं ते काम त्याच पावलांसाठी असतं!

तिथल्याच सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये पिंतुरिक्यो या रेनेसाँ काळातल्या चित्रकाराची १५०१ ची भित्तिचित्रं आहेत, तीही चुकवू नका.