सोळा वर्षांच्या मुलाने एकट्याने केलेला त्रिमितीय लघुपट: त्यातले श्रेय मुलाचे किती आणि संगणकाचे किती?

प्रश्न: कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझा मुलगा अकरावीत विज्ञान शाखेत शिकतो आणि गेली काही वर्षे ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर त्रिमितीय अॅनिमेशन करतो. त्याचा नवा लघुपट २०१९ च्या महापुरावर आहे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा तो पाचवीत होता. लघुपट सुमारे पाच मिनिटांचा असून त्यात एकही संवाद नाही. एका जुन्या घराच्या जिन्यावरून गढूळ पाणी पायरीपायरीने वर चढत राहते आणि आजी देव्हारा, धान्याचे डबे व अंथरुणे माडीवर नेत राहते, एवढेच त्यात घडते. आमच्या घरी तो पाहताना सगळे गप्प झाले.

मात्र नातेवाइकांपैकी अनेकांचे म्हणणे असे की हल्ली हे सगळे संगणकच करतो, त्यात मुलाचे कौतुक ते काय. दुसरीकडे एका खासगी संस्थेने बारावीची वाट न पाहता त्याला लगेच अॅनिमेशनच्या पदविकेला घालावे, असा आग्रह धरला आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्यामुळे दोन्ही बाजूंची पारख मला करता येत नाही. या क्षेत्रातील कोणी लघुपट पाहून स्पष्ट मत दिले, तर मी ऋणी राहीन. दुवा सोबत दिला आहे.

उत्तर १: चौकट (पुणे)

ताई, मी अॅनिमेशन स्टुडिओत काम करतो आणि आपल्या मुलाचा लघुपट अत्यंत लक्षपूर्वक पाहिला. त्याच्यात गुणवत्ता आहे, हे आधीच सांगतो. ती नेमकी कुठे आहे हे सविस्तर लिहितो, कारण नातेवाइकांना उत्तर देण्यापेक्षाही मुलाला ते कळणे अधिक महत्त्वाचे आहे.

संगणक काय करतो? प्रकाश कुठून येतो, भिंत किती खरखरीत आहे आणि कॅमेरा कुठे ठेवला आहे हे एकदा सांगितले, की प्रत्येक चित्राचा हिशेब तो करतो. परंतु कॅमेरा जिन्याच्या खालच्या टोकाला ठेवायचा की माडीवरून खाली रोखायचा, आजी चौकटीत कधी यायची आणि रिकामा जिना किती वेळ दाखवायचा, यांपैकी एकही निर्णय त्याने घेतलेला नाही. ते सगळे मुलाने घेतले आहेत आणि त्यांतील बरेचसे अचूक आहेत.

सर्वांत अधिक मला आवडली ती त्याने पाण्याबाबत दाखवलेली समज. खळाळते पाणी संगणकावर करायचे, तर पाण्याची जागा लहान लहान घनांमध्ये विभागून प्रत्येकातील प्रवाहाचे गणित मांडावे लागते आणि बारकावा दुप्पट करायचा म्हटले की घनांची संख्या आठपट होते. घरच्या संगणकाला हे झेपत नाही. या वयाची बहुतेक मुले तरीही लाटांच्या मागे लागतात आणि प्रकल्प अर्धवट सोडतात. आपल्या मुलाने जवळजवळ सपाट पृष्ठभाग घेतला, त्याला गढूळ तपकिरी रंग, किंचित हालचाल आणि कंदिलाचे प्रतिबिंब दिले आणि पूर सांगण्याचे काम पायऱ्यांवर सोपवले. मघाशी दिसत असलेली पायरी आता दिसत नाही, एवढ्यावर प्रेक्षक अस्वस्थ होतो. सांगलीत पाणी घरांत असेच शिरले होते, लाटा आदळत नव्हत्या. म्हणजे यंत्राची मर्यादा आणि विषयाचे सत्य या दोहोंना एकच उत्तर त्याने शोधले, आणि हे कोणतेही सॉफ्टवेअर सुचवत नाही.

याच कारणासाठी केन पार्सन्स या अमेरिकन मुलाचे उदाहरण देतो. जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने 'द बॅकरूम्स' हा सुमारे नऊ मिनिटांचा लघुपट यूट्यूबवर टाकला आणि तो कोट्यवधी वेळा पाहिला गेला. मुख्य साधन हेच ब्लेंडर होते. त्याची जागा पाहा: पिवळट भिंती, गालिचा, ट्यूबलाइट आणि न संपणाऱ्या रिकाम्या खोल्या. या आकृत्या घडवायला अत्यंत सोप्या आहेत. शिवाय सारे दृश्य जुन्या व्हिडिओ कॅसेटवर चित्रित झाल्यासारखे दाखवल्यामुळे कमी स्पष्टता, पसरलेले रंग आणि हलणारा कॅमेरा यांत संगणकीय चित्राचा कृत्रिमपणा विरून जातो. आपल्या साधनांना जे उत्तम जमते तेच कथेचे अंग करायचे, ही त्याची खरी हुशारी होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच कल्पनेवरील पूर्ण लांबीचा चित्रपट ए२४ या निर्मितीसंस्थेसाठी तो दिग्दर्शित करणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. अशी संधी प्रत्येकाला मिळेल असे मी सुचवत नाही. त्याच्या निर्णयांचा अभ्यास मात्र कोणालाही करता येतो.

आता उणीव. आजीच्या हालचालीत वजन नाही. भरलेला डबा उचलताना माणूस आधी जवळ सरकतो, गुडघ्यांत वाकतो, क्षणभर थांबून जोर लावतो आणि उचलल्यावर त्याची कंबर विरुद्ध बाजूला झुकते. लघुपटात भरलेला डबा आणि रिकामी घागर एकाच गतीने वर येतात. शिवाय पायरी चढताना तिचा टेकलेला पाय दोन ठिकाणी पुढे घसरतो. यावर उपाय नव्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. मुलाने घरातील कोणाला तरी भरलेली बादली घेऊन जिना चढायला सांगावे, मोबाइलवर ते चित्रित करावे आणि एकेक चौकट (म्हणजे चित्रफितीतील एकेक स्थिर चित्र) थांबवून वजन कोणत्या पायावर आहे ते वहीत रेखाटावे. पायांचे रेखाटन जमेपर्यंत चेहऱ्याकडे वळूच नये.

उत्तर २: रेघोट्या (मुंबई)

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून केवळ शिक्षणाबद्दल लिहिते.

बारावी सोडून पदविकेला जाण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, बारावीनंतर चार वर्षांच्या बी.डेस. (डिझाइनमधील पदवी) अभ्यासक्रमात अॅनिमेशन फिल्म डिझाइन ही स्वतंत्र शाखा आहे. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागातही बी.डेस. आहे आणि त्यासाठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. विज्ञान, वाणिज्य, कला यांपैकी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी ती देऊ शकतो. दोन्हीकडे हाताने चित्र काढण्याची परीक्षा होते आणि ब्लेंडरवर वाढलेली मुले नेमकी तिथे अडखळतात. तेव्हा रोज रेखाटन करण्याचा सल्ला प्रवेशासाठीही तितकाच उपयोगी आहे.

संस्थेचा शिक्का नसला तर सारे संपले असेही मानू नये. लॅट्वियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने कोणत्याही चित्रपट महाविद्यालयात शिक्षण घेतले नव्हते. 'अवे' हा पूर्ण लांबीचा चित्रपट त्याने संगीतासकट एकट्याने केला आणि तो २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर एका छोट्या चमूबरोबर ब्लेंडरमध्ये केलेल्या त्याच्या 'फ्लो'ला मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. 'फ्लो'मध्येही पूर आहे आणि एकही संवाद नाही, हे आपल्या मुलाला जरूर सांगा. आपल्याकडे अॅनिमेशनपट करणाऱ्या गीतांजली राव यांनी मुंबईच्या जे. जे. कलासंस्थेतून उपयोजित कलेचे शिक्षण घेतले आणि अॅनिमेशन पुढे काम करत आत्मसात केले. त्यांचा 'प्रिंटेड रेनबो' २००६ मध्ये कान महोत्सवातील समीक्षक सप्ताहात गौरवला गेला. मला त्यांच्या कामातील मुंबईच्या खिडक्या आणि गल्ल्या फार जवळच्या वाटतात, आणि आपल्या मुलाच्या जिन्यातही तशीच ओळखीची जागा आहे.

उत्तर ३: जुना मावळा (नाशिक)

कौतुक योग्यच आहे, परंतु पालकांनी उत्पन्नाची बाजूही समजून घ्यावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जगभर काम करणारा व्हीएफएक्स (चित्रपटांतील संगणकीय दृश्य परिणाम) समूह कोसळला आणि बंगळुरू व मुंबई येथील हजारो कुशल माणसांवर नोकरी गमावण्याची वेळ आली. त्यात भर म्हणजे लिहिलेल्या दोन ओळींवरून चित्रफीत तयार करणारी साधने आली आहेत. एखाद्या सॉफ्टवेअरची बटणे शिकवणाऱ्या पदविकेवर मोठे शुल्क खर्च करणे अशा काळात मला धोक्याचे वाटते. विज्ञान शाखा त्याने मनापासून पूर्ण करावी. या क्षेत्रात गणित आणि भौतिकशास्त्र सतत लागते, शिवाय दुसरा मार्गही खुला राहतो.

कृष्णाकाठ (सांगली)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मुलाला सगळी उत्तरे वाचून दाखवली. डब्याच्या वजनाचा मुद्दा त्याने लगेच मान्य केला आणि काल संध्याकाळी माझ्याच हातात पाण्याची बादली दिली. पदविकेचा विचार आम्ही सोडला आहे.

आता दोन अडचणी उरतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते आणि रात्रभर चाललेले रेंडर (संगणकाने अंतिम चित्रे तयार करण्याचे काम) वाया जाते, म्हणून तो महागडे ग्राफिक्स कार्ड मागतो आहे. ते घ्यावे का? दुसरे असे की, त्याने पार्श्वसंगीतासाठी एका प्रसिद्ध चित्रपटातील धून वापरली आहे. लघुपट स्पर्धेला पाठवायचा असल्यास ती चालेल का?

चौकट (पुणे)

ताई, कार्ड घेण्याआधी हिशेब करू. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर पाच मिनिटांच्या लघुपटात ७,२०० चौकटी होतात. एका चौकटीला दोन मिनिटे लागली तरी २४० तास, म्हणजे दहा दिवस-रात्र संगणक अखंड चालवावा लागेल. ब्लेंडरमध्ये सायकल्स आणि ईव्ही असे दोन प्रमुख रेंडरर आहेत. सायकल्स प्रकाशकिरणांचा मार्ग शोधत जातो, म्हणून चित्र अधिक वास्तव येते पण वेळ पुष्कळ लागतो. ईव्ही काही सोप्या युक्त्या वापरून तेच काम बऱ्याचदा काही सेकंदांत उरकतो, आणि 'फ्लो' हा संपूर्ण चित्रपट ईव्हीवर रेंडर झालेला आहे. त्यामुळे मुलाने आधी जिन्याचे एक दृश्य दोन्ही प्रकारे करून शेजारी शेजारी पाहावे. कंदिलाच्या उजेडातील दृश्यांत फरक जाणवेल, त्यांना सायकल्स ठेवावा. दिवसाच्या दृश्यांना बहुधा ईव्ही पुरेल.

विजेचा प्रश्न नव्या कार्डाने सुटणार नाही. मुलगा थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर करत असावा, म्हणून वीज गेली की सगळी फाइल निकामी होते. त्याऐवजी प्रत्येक चौकट स्वतंत्र पीएनजी चित्र म्हणून साठवावी. मग ३,१०० व्या चौकटीवर वीज गेली, तर पुन्हा तिथूनच सुरुवात करता येते आणि आधीचे काही गमावत नाही. सगळी चित्रे तयार झाली की ब्लेंडरमध्येच ती जोडून व्हिडिओ करता येतो. सोबत एक यूपीएस घ्यावा, तो कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल. हे सारे करूनही ग्राफिक्स कार्डाची स्मृती (मेमरी) कमी पडून दृश्य उघडेनासे झाले, तर मात्र नवे कार्ड हा योग्य खर्च ठरेल.

ती धून काढून टाकावी, कारण हक्कधारकाच्या परवानगीशिवाय वापरलेल्या संगीतामुळे लघुपट स्पर्धेतून बाद होऊ शकतो. हा कायद्याचा मुद्दा झाला, परंतु माझे कलात्मक मतही तेच आहे. धुनेमुळे प्रेक्षकाला आधीच दुःखी व्हायला सांगितले जाते आणि पायऱ्या दिसेनाशा होण्याचा परिणाम उणावतो. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावेत: कौलांवरचा पाऊस, लाकडी जिन्याची करकर, डबा जमिनीवर टेकल्याचा आवाज. भरलेल्या आणि रिकाम्या डब्याचे आवाज वेगळे घ्यावेत, त्यामुळे वजनाची उणीवही बरीच भरून निघेल. आजीच्या चालीत दुरुस्ती झाली की संपूर्ण लघुपट रेंडर करण्याची घाई करू नये. डबा उचलण्याचे फक्त एक दृश्य, रंग व प्रकाश न देता साध्या राखाडी स्वरूपात इथे टाकावे, म्हणजे मी आणि रेघोट्या ताई ते पाहून चौकटींच्या क्रमांकांसह सूचना देऊ शकू.