हार्ट अटॅक: आधी तालुक्याला की थेट कोल्हापूरला?

खाडीपल्याड
अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या हार्ट अटॅकच्या पेशंटांचा एक मोठा अभ्यास २००७ साली छापून आला होता. १९९९ ते २००२ या काळात शनिवार-रविवारी ॲडमिट झालेल्यांपैकी १२.९ टक्के महिन्याभरात दगावले, इतर दिवशीचे १२.० टक्के. हजारामागे नऊ जीव जास्त. सुट्टीला अँजिओप्लास्टीसारखे (बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायचे) उपचार कमी होत होते. ते हिशेबात धरल्यावर फरक उरला नाही.

आता आपल्याकडे बघा. गुहागर-मंडणगडला कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोलीच नाही, म्हणजे आपला बुधवारही रविवारच. माझं मत: तालुक्याच्या दवाखान्यात वेळ घालवू नका. गाडी काढा, थेट कोल्हापूर गाठा.

नाईटड्युटी
भाऊ, निदान बरोबर, औषध घातक. गुहागरहून कोल्हापूर म्हणजे पावसाळ्यात घाटातून चार तास धरा, दरड आली तर देवच मालक. तोवर हृदयाचा स्नायू मरत असतो. ईसीजीच्या आलेखात 'एसटी' नावाचा भाग वर गेलेला दिसला आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसली, तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं, असंच हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. त्यातलं टेनेक्टेप्लेज एका दमात शिरेतून जातं, स्ट्रेप्टोकायनेजला सलाईनमधून तासभर लागतो. मग गाडी काढा की! इंजेक्शन लागू पडलं तर अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांची तपासणी, तीन ते चोवीस तासांत झाली तरी चालते. नाही लागू पडलं तर मात्र थांबायचं नाही.

खाडीपल्याड
कागदावर छान. आमच्या शेजारच्या काकांना शिमग्यात एका सरकारी दवाखान्यात नेलं. ईसीजीचं मशीन कपाटात, कपाटाची चावी टेक्निशियनच्या खिशात आणि टेक्निशियन गावच्या पालखीला. घाम पुसत काका बाकावर बसून. तासभर गेला. वाचले ते त्यांच्या नशिबाने.

बांद्याचो
सगळ्या कोकणाक एकच माप लावू नकात. आमका गोव्यातला बांबोळीचा हॉस्पिटल जवळ. फोन करून थेट गेलेला बरा, दोन तासांच्या आत पोचतो. देवगडवाल्यांचा गणित येगळा.

सुपारीबाग
त्या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होतो ना? आमच्या आईला बीपी आहे, मी तर सही केली नसती.

नाईटड्युटी
होतो, शंभरात एखाद्याला. म्हणून तर आधी विचारतात: पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, नुकतंच ऑपरेशन झालंय का. बीपी फार चढलेलं असेल तर ते आधी उतरवतात. पण सहीसाठी मुंबईच्या मुलाचा फोन लागेपर्यंत थांबलात, तर इंजेक्शनचा फायदाच घटत जातो. पहिल्या दोन-तीन तासांत तो सर्वात जास्त, बारा तासांनंतर जवळजवळ नाहीच.

आमसूल
तुम्ही सगळे गाडी निघाल्यानंतरचं भांडताय. आमच्याकडे गाडी निघतच नाही. ओवा-सोडा, आमसुलाचं पाणी, पाठीला बाम, मग "सकाळ होऊ दे". डायबेटिस असलेल्याच्या छातीत तर दुखतही नाही कधीकधी, नुसती धाप आणि घाम. न्यू जर्सीचा रविवार कशाला हवा?

खाडीपल्याड
पेशंटला दोष देणं सोपं आहे हो. रात्री उशिरा दाभोळची फेरीबोट बंद, वळसा घालायला गाडी पाहिजे, गाडीला ड्रायव्हर पाहिजे. हे माहीत असलेला माणूस "गॅसच असेल" म्हणणार नाही तर काय म्हणणार?

नाईटड्युटी
दोष नाही देत. १०८ला फोन करा, ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी चावायला द्या, आणि दवाखान्यात पाऊल टाकताच "ईसीजी काढा" म्हणून हटून बसा. ईसीजीचा फोटो मोबाईलवरून हृदयरोगतज्ज्ञाला दाखवता येतो, त्याला घाट आडवा येत नाही.

खाडीपल्याड
फोटो जाईल. रविवारी रात्री पलीकडे तो बघणारा कोण, एवढं नक्की करा. मग मी थेट कोल्हापूरचा हट्ट सोडतो.